छोट्या कॅबिनेटचा पॉवर सप्लाय: पिको, फ्लेक्स आणि एसएफएक्स वापरून झाल्यावर

माझं काम आवाजाचं आहे. घरातल्या एका खोलीत माइक लावून वाचन रेकॉर्ड करायचं आणि मग तेच तासन्‌तास हेडफोन लावून साफ करत बसायचं. टेबल लहान आहे, त्यामुळे कॉम्प्युटर माइकपासून हातभर अंतरावर असतो. गेल्या चार वर्षांत एकाच मिनी-आयटीएक्स (म्हणजे छोट्या मापाच्या) मदरबोर्डाला मी तीन जातींचे पॉवर सप्लाय लावले. आधी बाहेर अडॅप्टर आणि आत छोटा डीसी-डीसी बोर्ड, म्हणजे पिको, मग फ्लेक्स एटीएक्स आणि आता एसएफएक्स. ही दोन्ही नेहमीच्या एटीएक्सहून लहान मापाच्या सप्लायची नावं. तिन्हींबद्दल लिहिते. माझ्याकडच्या नगांच्या कंपन्या सांगत नाही, कारण जे भोगलं आणि जे आवडलं ते त्या त्या घडणीमुळे होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. छोटा कॉम्प्युटर जुळवताना आपण कॅबिनेट पाहून हरखतो, ते घेतो आणि मग त्यात बसेल तो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, शोधतो. मीही दोनदा हेच केलं. क्रम उलटा हवा. पॉवर सप्लाय आधी ठरवा, कॅबिनेट त्याच्या मापानं घ्या. वॉट हल्ली कुठल्याही आकारात मिळतात. उष्णतेला बाहेर पडायला वाट आणि वायरींना वळायला जागा मात्र मिळत नाही.

माप नुसतं डोळ्यासमोर आणलं तरी हे पटेल. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो. व्हिया कंपनीनं २००१ साली आणलेलं हे माप अजून तसंच टिकून आहे. नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय १५० बाय ८६ बाय १४० मिलिमीटर, म्हणजे जवळपास १.८ लिटर. सात लिटरच्या कॅबिनेटचा चौथा हिस्सा त्यानंच खाल्ला! एसएफएक्स १२५ बाय ६३.५ बाय १०० चा असतो, म्हणजे ०.८ लिटर. फ्लेक्स एटीएक्स ८१.५ बाय ४०.५ बाय १५०, अर्धा लिटर. कागदावर पाहिलं तर फ्लेक्सच घ्यावासा वाटतो. मलाही वाटला होता.

पण सुरुवात पिकोपासून झाली. पिको म्हणजे मदरबोर्डाच्या चोवीस पिनांच्या सॉकेटवर थेट बसणारा, दोन बोटांएवढा बोर्ड. पहिल्यांदा लावला तेव्हा कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय दिसतच नव्हता. ऑडिओ मिक्सरला जातो तशा अडॅप्टरची एक वायर मागून आत येते, बस्स. पंखा नाही, खोका नाही. तेव्हा ग्राफिक्स कार्ड नव्हतं, ६५ वॉटचा प्रोसेसर होता. त्या ६५ वर विसंबून राहू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर ६५ वॉट लिहिलेला प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत घेतो. बाकीचं धरून माझं मशीन जास्तीत जास्त १२० वॉटपर्यंत जायचं. अडॅप्टर होता १२ व्होल्ट, १५० वॉटचा. हिशेबात सगळं बसत होतं.

तरी मशीन रिस्टार्ट व्हायचं. रोज नाही. मोठ्या फाइलवर नॉइज रिडक्शन लावलं आणि प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लागले की दोन-चार मिनिटांत काळोख. मी रॅम बदलली, विंडोज नव्यानं टाकलं, एक आख्खा रविवार घालवला. शेवटी मल्टिमीटरचं टोक प्रोसेसरच्या पॉवर कनेक्टरला मागून लावून बसले. मशीन रिकामं असताना १२.१ व्होल्ट. फाइल सुरू केली आणि आकडा डोळ्यांदेखत उतरू लागला, ११.८, ११.५, ११.३. एटीएक्सच्या २०२२ आधीच्या नियमात १२ व्होल्टला पाच टक्के सूट होती, म्हणजे ११.४ च्या खाली जायचंच नाही.

कारण समजलं तेव्हा हा सगळा प्रकारच समजला. १२ व्होल्टच्या पिकोमध्ये ३.३ आणि ५ व्होल्ट त्या बोर्डावर तयार होतात, पण १२ व्होल्ट तसेच पुढे जातात. अडॅप्टरनं जे दिलं तेच प्रोसेसरला. म्हणजे खरा पॉवर सप्लाय टेबलाखालचा अडॅप्टर, पिको हा नुसता वाटप करणारा. १२० वॉटला १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. वायर, प्लग आणि सॉकेट मिळून ०.०५ ओहम जरी रोध धरला तरी अर्धा व्होल्ट वाटेतच गेला आणि ५ वॉट त्या वायरीत तापत राहिले. गोल प्लगला बोट लावून पाहिलं तर चटका बसला. उरलेली घट अडॅप्टरची स्वतःची.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे जाड वायरीचा, चार पिनांच्या डिन प्लगचा दमदार अडॅप्टर घ्यायचा. मी तो घेतला आणि रिस्टार्ट होणं त्याच दिवशी थांबलं. दुसरा उपाय १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरचा. त्याला रुंद इनपुटचा बोर्ड लागतो, जो आत येणाऱ्या १९ व्होल्टमधून नेमके १२ बनवतो. तेच १२० वॉट मग सव्वासहा अँपिअरमध्ये येतात, वायर थंड राहते आणि वाटेत थोडी घट झाली तरी प्रोसेसरला कळत नाही. त्या बदल्यात रूपांतराची थोडी उष्णता कॅबिनेटच्या आत येते. आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी हाच घेईन.

नव्या अडॅप्टरनं रिस्टार्ट घालवले आणि झिणझिण्या आणल्या. रात्री काम करताना हाताची मागची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला घासली की बारीक सरसर जाणवायची. आणि रेकॉर्डिंगमध्ये, वाक्यांच्या मधल्या शांततेत, एक भुणभुण. अडॅप्टरची मेन्सची वायर दोन पिनांची होती, अर्थिंगच नव्हतं. अशा अडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किरकोळ करंट पलीकडे झिरपतो. जिवाला धोका नसतो, पण कॅबिनेटचा पत्रा अधांतरी राहतो आणि तो करंट यूएसबी केबलवरून ऑडिओ इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीच्या) वाटेनं जमिनीकडे जायला बघतो. तीच माझी भुणभुण. तीन पिनांचा अडॅप्टर आणल्यावर दोन्ही गेलं. मात्र तीन पिना दिसल्या की झालं असं समजू नका. काही अडॅप्टरांत अर्थची पिन आत कुठेच डीसीच्या उणे टोकाला जोडलेली नसते. अडॅप्टर मेन्सपासून काढून ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या पिनला आणि दुसरं डीसी प्लगच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप वाजला पाहिजे. आवाजाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगते, कारण या भुणभुणीसाठी लोक माइक बदलतात, केबल बदलतात, आणि मूळ पायाशी पडलेलं असतं. कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या पॉवर सप्लायला हा त्रास नसतो. त्याचा पत्रा अर्थला जोडलेला असतो आणि चार स्क्रू आवळले की कॅबिनेटही जोडलं जातं.

हे मार्गी लागल्यावर पिकोनं मला दीड वर्ष सुख दिलं. मेन्सपासून डीसी करताना होणारी सगळी उष्णता टेबलाखाली, कॅबिनेटच्या बाहेर. आत प्रोसेसरवरचा एकच मोठा, संथ पंखा. ग्राफिक्स कार्ड नसेल आणि गरज १२० वॉटच्या आत असेल तर याच्याइतकं शांत काही नाही.

मग ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागलं. आवाज साफ करणारी बरीच नवी सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतात. २०० वॉटचं कार्ड आलं आणि पिकोचा विषय संपला. पाच लिटरचं एक देखणं कॅबिनेट आधीच मनात भरलं होतं, त्यात फक्त फ्लेक्स एटीएक्स बसतो. पाचशे वॉटचा घेतला.

पहिल्याच रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला सूर आहे ते दाखवणारं चित्र, उघडला आणि पोटात गोळा आला. डावीकडून उजवीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ७०० हर्ट्झच्या जवळ पट्टी धरून ओढल्यासारखी एक बारीक पिवळी रेघ. तिच्या वर १४०० ला दुसरी, थोडी फिकट. मी वाचत होते तिथेही, थांबले होते तिथेही. फ्लेक्सचा पंखा ४० मिलिमीटरचा असतो. सात पाती, मिनिटाला ६,००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या गुणिले सात. सातशे. गणित इतकं चोख जुळलं की दुसरीकडे कुठे शोधायची गरजच उरली नाही.

आवाज किती मोठा यापेक्षा तो कुठे बसतो हे महत्त्वाचं. सातशे हर्ट्झ म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या अगदी मध्यात. खालची घरघर मी ८० हर्ट्झच्या फिल्टरनं कापून टाकते, ऐकणाऱ्याला कळतही नाही. सातशेला कात्री लावली तर ‘आ’ आणि ‘ओ’ पोकळ वाटायला लागतात. एसएफएक्समधला ९२ मिलिमीटरचा सात पात्यांचा पंखा १,००० फेऱ्यांवर सव्वाशे हर्ट्झच्या आतच राहतो, तोही कुजबुजल्यासारखा. क्षेत्रफळ काढलं तर ९२ चा पंखा ४० च्या पाचपटीहून मोठा. लहान पंख्याला तेवढाच वारा ओढायचा तर जीव तोडून फिरण्यावाचून इलाज नाही.

आणि वारा हवाच, कारण अर्ध्या लिटरच्या त्या डबीत उष्णता फार साठते. माझं मशीन भरात असताना ३०० वॉट घेतं. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर भिंतीतून ३५३ वॉट येतात आणि ५३ वॉट त्या डबीतच जिरतात. ९२ टक्के असेल तर २६. पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न तापलं की काय होतं ते हातात धरलेल्या माणसाला विचारा. मोठ्या कॅबिनेटमध्ये ब्राँझ आणि प्लॅटिनम या कार्यक्षमतेच्या बिल्ल्यांतला फरक विजेच्या बिलापुरता. अर्ध्या लिटरमध्ये तो एक आयर्न की दोन, इतका असतो.

पंखा बदलायचं डोक्यात आलं. दादा अँप्लिफायर दुरुस्त करतो, त्याला फोन केला. पहिलंच वाक्य, “तू उघडू नकोस हं. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट बसलेले असतात.” मग तोच आला, रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा केला, मीटरनं दोनदा तपासला आणि मग २० मिलिमीटर जाडीचा एक संथ पंखा बसवला. पहिली पंधरा मिनिटं मी इतकी खूश होते की त्याला दुसरा चहा विचारायचंही विसरले. रेघ गेली होती! चाळिसाव्या मिनिटाला, भर कामात, मशीन बंद पडलं. पॉवर सप्लायनं तापमान पाहून स्वतःला बंद केलं होतं, ते त्यानं योग्यच केलं. दादानं मूळ पंखा परत लावला आणि जाताना म्हणाला, “आवाज त्या पंख्याचा नाही गं, त्या डबीचा आहे.” शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानामागे साधारण निम्मं होतं. शांततेसाठी त्याला भाजत ठेवणं म्हणजे स्वतःच्याच यंत्राचं वय कमी करणं.

फ्लेक्सला मी वाईट म्हणत नाही. मशीन दुसऱ्या खोलीत असेल, टीव्हीमागे असेल किंवा तुम्ही हेडफोन लावून गेम खेळत असाल तर चार-पाच लिटरमध्ये चांगलं ग्राफिक्स कार्ड चालवायची त्याच्याइतकी सोपी वाट नाही. माझ्या टेबलावर तो चालत नाही, एवढंच.

आता एसएफएक्स. कॅबिनेट बदललं, पाच लिटरचं साडेनऊ झालं आणि ते झाल्याचं मला दुःख नाही. ६०० वॉट, प्लॅटिनम, सगळ्या केबली सुट्या. ६०० कशाला, तर माझे ३०० त्याच्या बरोबर अर्ध्यावर येतात आणि अर्ध्या लोडच्या आसपास त्याची कार्यक्षमता सगळ्यात जास्त असते. ८० प्लस या प्रमाणपत्राच्या प्लॅटिनम पातळीला ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ९२ टक्के गाठावे लागतात. पण ती चाचणी २३ अंश सेल्सिअसच्या खोलीत होते. माझ्या कॅबिनेटच्या आत २३ अंश कधीच नसतात. म्हणून बिल्ल्याच्या रंगापेक्षा माहितीपत्रकातली एक ओळ शोधा. पूर्ण वॉट सलग देण्याची हमी ४० अंशांना आहे की ५० अंशांना? छोट्या कॅबिनेटसाठी मी ५० च्या खालचा घेणार नाही.

६०० घेण्याचं दुसरं कारण ग्राफिक्स कार्डाच्या उसळ्या. सरासरी २०० वॉट घेणारं कार्ड क्षणभर त्याच्या दुप्पट ओढू शकतं. तो क्षण इतका लहान की साध्या मीटरला दिसत नाही, पण पॉवर सप्लायच्या संरक्षणाला दिसतो आणि तो बंद पडतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये यासाठीच अट आली. नव्या प्रकारच्या कनेक्टरसह येणाऱ्या मोठ्या सप्लायनं १०० मायक्रोसेकंदांपुरता नोंदलेल्या वॉटच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. नवीन घेत असाल तर ३.० किंवा त्यापुढचाच घ्या.

लोड कमी असताना याचा पंखा पूर्ण थांबतो. जाहिरातीत हा फार मोठा गुण म्हणून सांगतात. मला त्याचा सुरुवातीला वैताग आला. थांबलेला पंखा एखाद्या परिच्छेदाच्या मध्ये अचानक सुरू व्हायचा, अर्धा मिनिट फिरायचा, थांबायचा. सतत एकसारखा चालणारा मंद आवाज सॉफ्टवेअरला ओळखून काढता येतो. येणारा-जाणारा आवाज काढता येत नाही. पाहिलं तर चूक बसवण्यात होती. मी पंख्याचं तोंड आतल्या बाजूला केलं होतं आणि तो ग्राफिक्स कार्डाची तापलेली हवा ओढत होता. कॅबिनेटच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी भोकं होती. सप्लाय उलटा केला, पंख्याचं तोंड जाळीकडे आणलं. आता वाचन रेकॉर्ड करताना तो सुरूच होत नाही. फाइल प्रोसेस करताना होतो, पण तेव्हा माइक बंद असतो.

एसएफएक्स-एल म्हणून एक भाऊबंद आहे, ३० मिलिमीटर जास्त लांब, पंखा १२० मिलिमीटरचा. शांततेत तो वरचढ. पण कॅबिनेटच्या माहितीत ‘एसएफएक्स-एल बसतो’ लिहिलेलं असलं तरी टेप घेऊन मोजा. सुट्या केबलींचे प्लग जिथे बाहेर येऊन वळतात, नेमकी तीच जागा ते ३० मिलिमीटर खातात. सप्लाय बसतो आणि केबल बसत नाही.

केबलीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. जुन्या सप्लायची, डिस्कला वीज देणारी साटा केबल नव्याच्या सॉकेटमध्ये खट्‌कन बसली. पिना तितक्याच, आकार तोच. डिस्क जोडण्याआधी, कोण जाणे का, नुसता सप्लाय चालू करून मी मीटर लावला. पाच व्होल्ट यायला हवेत त्या जागी बारा होते. त्या डिस्कवर आठ महिन्यांचं काम होतं. मदरबोर्डाकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला असतो, पण सप्लायकडच्या टोकाला कसलंच प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही वेगळा. सप्लाय बदलला की त्याच्या सगळ्या केबलीही बदलायच्या. जुन्या केबली त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत, नाव लिहून.

गॅलियम नायट्राइडवाल्यांकडे माझं लक्ष आहे. यातले स्विच सिलिकॉनच्या स्विचपेक्षा वेगानं उघडझाप करतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि उष्णताही कमी वाया जाते. एचडीप्लेक्सचा २५० वॉटचा नग १७० बाय ५० बाय २५ मिलिमीटर, म्हणजे ०.२ लिटरच्या थोडा वर, आणि त्याला पंखाच नाही. मेन्स थेट आत घेतो, म्हणून टेबलाखालचा अडॅप्टरही गेला. माझं कार्ड १०० वॉटचं असतं तर मी आज एसएफएक्सऐवजी यावर लिहीत असते. त्याला कॅबिनेटच्या पंख्याचा वारा किंवा टेकायला धातूची भिंत लागते, तेवढी जागा आखताना सोडायची.

माझ्या एसएफएक्सवर आता एकच काम उरलंय. चोवीस पिनांची केबल ३०० मिलिमीटरची आहे आणि तिचा जास्तीचा वेटोळा ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यासमोर येतो. काल कॅबिनेट उघडून सप्लायच्या सॉकेटपासून बोर्डाच्या सॉकेटपर्यंत शिवणाचा दोरा फिरवला, वळणावर अंगठ्याएवढी ढील ठेवली, गाठ मारली आणि पट्टीवर धरला. १९० मिलिमीटर. प्रोसेसरची केबल अजून मोजायची आहे, ती बोर्डाच्या मागून जाते.